पुढच्या वर्षीची म्हस

नेरळ,
२६ नोव्हेंबर २०२३

ती. मामास,
सप्रेम जयभीम.

आधी बातमी सांगते, खुशाली मागाहून विचारते. तुमची ‘चिंधीची म्हस’ पाचात आली! फोनच करणार होते, पण मी फोनवर जयभीम म्हणते आणि तुम्ही म्हणता, हो हो, जेवलो. कानाचं मशीन कपाटात ठेवायला घेतलंय का हो? म्हणून मुकाट्यानं पत्र लिहितेय.

तर कसल्या पाचात, ते सांगते. भिसेगावात राजेश सर म्हणून आहेत, ते मुलांसाठी वाचनालय चालवतात. गेल्या वर्षी निघालेल्या पुस्तकांतून ते पाच निवडतात आणि कर्जत-खालापूरच्या खेड्यांतल्या शाळांना वाटतात. मुलांनी ती दोन महिने वाचायची आणि मत द्यायचं. जे जिंकेल त्याला बक्षीस. मोठ्या माणसाच्या मताला तिथे काडीची किंमत नाही. मत कसं देतात, तर पाच मडकी मांडतात, प्रत्येकावर एकेका पुस्तकाचं चित्र, आणि प्रत्येक मुलाच्या हातात एक चिंचोका. त्या वेळी आम्ही शिक्षकांनी वर्गाबाहेर उन्हात उभं राहायचं.

माझी शाळा पोशीरच्या बाजूची, तीही त्यात आहे. लेखक माझा सख्खा मामा आहे हे मी सरांना सांगून टाकलं. ते म्हणाले, हरकत नाही, पण मुलांसमोर त्या पुस्तकाबद्दल चांगलं-वाईट अवाक्षर काढायचं नाही. तेव्हापासून तोंडाला कुलूप आहे.

आणि एक. जिंकणाऱ्या पुस्तकाचा लेखक आणि चित्रकार, दोघांनाही स्टेजवर बोलावतात. मुलंच माइकवरून दोघांची नावं पुकारतात, आणि सन्मानचिन्हावर दोन्ही नावं सारख्या अक्षरात असतात. हे मुद्दाम लिहितेय. का, ते तुम्हाला कळेल.

मामीला जयभीम.

तुमची,
मेघा


चौक, ता. खालापूर
३ डिसेंबर २०२३

चि. मेघास,
जयभीम.

तुझं पत्र तुझ्या मामीला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा वाचाय लागलो तर म्हणली, पुरं आता, भात करपला. मी बोलतो तसंच लिहितो, तू मास्तरीण हायस, चुका काढत बसू नको.

का ते कळलं गं. तू लिहिलंस म्हणून मी पण लिहितो, एरवी ह्या विषयावर आमच्या घरात कोणी बोलत नाय. टोलनाक्याच्या रांगेत म्हस जाऊन बसते आणि मागं गाड्या तुंबतात, एवढी गोष्ट माझी. पण ती म्हस कशी बसते, डोळे कशी मिटते, टोलवाल्याकडं कसं ढुंकून बघत नाय, ते सगळं प्रबुद्धचं. सहा महिने रात्रपाळी करून येऊन चित्रं काढायचा. आणि पुस्तक छापून आलं तेव्हा कवरवर माझं एकट्याचं नाव! त्याचं शेवटच्या पानावर, मुंगीएवढं. त्यानं मला विचारलं, बाबा, माझं नाव कुठं हाय? आता ह्यावर मी छापणाऱ्याला बोलायचं का नाय? मी पोरालाच बोललो, “तू घरचाच हायस रं, तुला नाव कशाला पायजे?”

एवढंच बोललो. त्यानं पुस्तक खाली ठेवलं आणि पुढच्या आठवड्यात पुण्याला गेला. बोर्ड रंगवायच्या दुकानात काम करतो म्हणतात. वर्ष होऊन गेलं. फोन वाजतो, उचलत नाय. तुझ्या मामीचा उचलतो, बरा हाय बोलतो आणि ठेवतो.

म्हणून सांगतो, मला बक्षीस नको. मिल सुटल्यावर हौस म्हणून एक पुस्तक लिहिलं, झालं. पण त्याचं नाव कोणीतरी मोठ्यानं पुकारावं, आणि मी तिथं त्याच्या बाजूला उभं असावं, एवढं झालं तर बास. तू काय बोलू नको कोणाला. पोरांना पण नको. त्यांना आवडलं तर आवडलं.

तुझा,
मामा


नेरळ,
२४ डिसेंबर २०२३

ती. मामास,
सप्रेम जयभीम.

मी काही बोलले नाही हो, पण डोळे तर मिटून घेऊ शकत नाही ना. पाच पुस्तकांतलं तुमचं पुस्तक कपाटात कधी दिसतच नाही. सारखं कुणाच्या तरी दप्तरात. पुस्तकाच्या पाठीची शिवण सुटली, तिला रियानं सुईदोरा घातला. ही रिया चौथीत आहे, आमच्या शाळेची पुढारीण समजा. परवा मधल्या सुट्टीत पोरं मैदानात रांगेनं बसून हॉर्न वाजवत होती आणि रिया मध्येच डोळे मिटून बसली होती. मी विचारलं, काय चाललंय? म्हणाली, “बाई, मी म्हस हाय. टोल भरल्याबिगर उठायची नाय.” मी वर्गात जाऊन एकटीच हसले. हसताना रडू पण आलं.

दुसरं एक पुस्तक आहे, चोर पकडणाऱ्या भावंडांचं. मोठ्या शाळांतल्या मुलांना ते आवडलंय म्हणतात. पण आमच्या भागात म्हशीला तोड नाही, असं माझं मन सांगतं. मी असं लिहायला नको, मला कळतं.

बाकी गावात सध्या एकाच गोष्टीचं कौतुक. ग्रामपंचायत बिनविरोध झाली! देवळासमोर सगळे बसले, यंदा खालच्या आळीचा सरपंच, पुढच्या खेपेला वरच्या आळीचा, असं ठरलं. भांडण नाही, मारामारी नाही. बॅनर लागलेत. आमच्या मुलांनी त्याच्यावर निबंध लिहिले. गेल्या आठवड्यात केंद्रातल्या सगळ्या शाळांच्या क्रीडास्पर्धा झाल्या, त्यात खो-खोला आम्ही हरलो, पण पोरं भलतीच खुशीत परत आली. कशानं, ते काही सांगेनात.

कार्यक्रम चार फेब्रुवारीला, रविवारी, भिसेगावच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये. तुम्ही दोघं या.

तुमची,
मेघा


चौक
७ जानेवारी २०२४

चि. मेघास,
जयभीम.

तुझं पत्र आल्यापासून तुझी मामी डोळे मिटून बसते आणि बोलते, टोल भरल्याबिगर चहा नाय. म्हातारपणी हे नाटक!

मला शर्ट शिवायला टाकलाय. नको नको बोललो तरी तिनंच मापाला जुना शर्ट नेऊन दिला. हिरामणच्या रिक्षाला सांगून ठेवलंय, भिसेगावपर्यंत सोडंल आणि थांबंल. मशीन कानात घालीन. त्या दिवशी घालीनच. नाव पुकारलेलं ऐकू आलं पायजे ना.

एक विचारू का? समजा म्हशीला नाय मिळालं, तर दोघांची नावं पुकारत नायत ना? फक्त पयल्याचीच ना? तू आधी लिहिलं हायस, पण पुन्यांदा विचारतो. आणि तुला कधी अगोदर कळलं निकालाचं, तर मला सांगशील का? नियमात बसत नसंल तर नको सांगू. पण सांग.

तुझा,
मामा


नेरळ,
२१ जानेवारी २०२४

ती. मामास,
सप्रेम जयभीम.

हे पत्र लिहिण्याआधी तीन कागद फाडले. सरळ सांगते. मामा, आपल्याला मिळत नाही.

काल मतदान झालं. मी बाहेर उन्हात उभी. आतून चिंचोक्यांचा टणटण आवाज यायचा आणि मी मनात म्हणायचे, हा म्हशीचा, हाही म्हशीचा. मुलांनीच मडकी पालथी करून मोजणी केली आणि मला आत बोलावलं. म्हशीच्या मडक्यात एकसुद्धा चिंचोका नव्हता. माझ्या शाळेत! सगळे चिंचोके त्या चोर पकडणाऱ्या पुस्तकाला.

मला वाटलं चित्रं चुकीच्या मडक्यांवर चिकटली. रियाला विचारलं, अगं, तुम्हाला म्हस आवडली नाही का? मतदान झालेलं होतं, आता विचारायला हरकत नव्हती. तर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “आवडली तर. पण बाई, आमी बिनविरोध केलं.”

मामा, क्रीडास्पर्धांच्या दिवशी सगळ्या शाळांची पोरं मैदानाच्या कडेला बसली आणि सभा घेतली. हुबेहूब मोठ्यांसारखी. आमची मुलं म्हशीवर अडून होती, पलीकडच्या मोठ्या शाळेची चोरांवर. भांडणं लागायची वेळ आली, तेव्हा रियानंच तोडगा काढला. यंदा तुमचे चोर, पुढच्या वर्षी आमची म्हस. सगळ्यांनी हात उंच केले, शपथा घेतल्या. केंद्रातल्या एकूण एक शाळांनी शब्द पाळला. राजेश सरांकडे काल संध्याकाळी आकडे गेले, मी होतेच तिथे. म्हस फार मागे राहिली.

पुढच्या वर्षी नवी पाच पुस्तकं येतात, एका पुस्तकाला एकदाच संधी, हे त्यांना ठाऊकच नाही. त्यांना कोण सांगणार होतं? आम्ही तर सगळे तोंडाला कुलूप लावून बसलेलो. ती मला अभिमानानं सांगत होती, बाई, भांडण नाय झालं. तिच्यावर रागवायचं तरी कसं?

निकाल कार्यक्रमाच्या दिवसापर्यंत गुप्त ठेवायचा, असा नियम असतो. मी तो मोडतेय, कारण तुम्ही नवा शर्ट घालून, मशीन लावून पहिल्या रांगेत बसाल आणि दुसऱ्याचं नाव ऐकाल, हे मला बघवणार नाही. तुम्ही येऊ नका. मी नंतर घरी येते.

तुमची,
मेघा


चौक
२७ जानेवारी २०२४

चि. मेघास,
जयभीम.

पत्र मिळालं. नाय येत.

तू रडत बसू नको. पोरांनी भांडण केलं नाय, चांगलं केलं. आमच्या मिलमध्ये युनियनच्या निवडणुकीत डोकी फुटायची. ही पोरं शब्द देतात आणि पाळतात, बघ की. त्यांना पुढच्या वर्षीचं सांगू नकोस इतक्यात. राहू दे त्यांना वाट बघत.

तुझ्या मामीला म्हणलं, आपलं नाय जमलं. तिनं शर्ट घडी करून ट्रंकेत ठेवला. ज्यांना ज्यांना या म्हणून सांगितलं होतं त्यांना नको म्हणून कळवतोय. हिरामणला पण सांगितलं.

थंडी हाय. कान दुखतो. तू ये सवडीनं.

तुझा,
मामा


नेरळ,
५ फेब्रुवारी २०२४

ती. मामास,
सप्रेम जयभीम.

कालचं सगळं सांगते. शेवटपर्यंत वाचा, मध्येच ठेवून देऊ नका.

कार्यक्रम सुरू झाला. चोरांच्या पुस्तकाचं नाव जाहीर झालं, टाळ्या झाल्या, त्याचे लेखक आणि चित्रकार स्टेजवर गेले. सगळ्यांत जोरात टाळ्या आमच्या मुलांनी वाजवल्या. मग रिया उभी राहिली आणि तिथूनच विचारलं, सर, आता पुढच्या वर्षी म्हशीला कोण बोलावणार? राजेश सरांना काही समजेना. मुलांनी त्यांना सगळा ठराव सांगितला. बिचारे सर हसायला लागले, मग त्यांचं हसू गेलं. त्यांना सांगावंच लागलं की पुढच्या वर्षी म्हस नसेल. रिया खाली बसली. ती रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी नियम मोडून तुम्हाला कळवलं आणि तिला मात्र काही सांगितलं नव्हतं. ती काय बघत असेल ते मला कळत होतं.

सगळ्या हॉलचा विरस झाला. तेव्हा काहीतरी करायचं म्हणून सर म्हणाले, म्हशीच्या पुस्तकाचं कुणी आलंय का? आणि शेवटच्या रांगेतून एक जण उठला.

मामा, प्रबुद्धदादा होता.

दाढी वाढवलीय, पहिल्यांदा ओळखूच आला नाही. मी धावत मागे गेले. त्यानं मला विचारलं, “बाबा कुठायत? पहिल्या रांगेत बघितलं, दिसले नाहीत.” म्हणाला, बाबांचं पत्र आलं, म्हणून आलो. तुम्ही त्याला पत्र लिहिलंत हे तुम्ही मला का नाही सांगितलंत? मला माहीत असतं तर मी तुम्हाला उचलून आणलं असतं! मी तोंड उघडणार, तेवढ्यात मुलांनी त्याला हाताला धरून पुढे नेलं. रियानं माइक घेतला आणि पुकारलं, चित्रकार प्रबुद्ध रामभाऊ ओव्हाळ. स्वच्छ, मोठ्यानं. शेवटच्या पानावरचं ते मुंगीएवढं नाव तिला पाठ होतं हो. बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू गेलं असेल.

स्टेजवर फळा होता. मुलं म्हणाली, म्हस काढा. त्यानं काढली. शिंगापासून नाही, शेपटीपासून सुरुवात केली. मुलं ओरडली, शेपूट आधी कशी? तो म्हणाला, म्हस नेहमी पाठमोरीच भेटते. सगळी हसली. मग म्हशीच्या बाजूला त्यानं एक माणूस काढला, टोपीवाला, कानाला हात लावून ऐकणारा. 

मग मुलांचा गराडा पडला, वह्या, सह्या. मी खाऊचे पुडे वाटत होते. मान वर केली तर तो दारात होता. म्हणाला, गाडी आहे, बाबांना सांग येऊन गेलो. मीच तुम्हाला येऊ नका म्हणून कळवलं होतं, ते सांगायला त्याच्यामागे रस्त्यावर गेले, तोवर रिक्षा वळली होती. त्याला थांब म्हणून हाक मारायचंही सुचलं नाही. मामीचा फोन तरी तो उचलेल का?

मी काय करून बसले! तुमचं मन दुखू नये म्हणून केलं. काय लिहू पुढे?

तुमची,
मेघा


चौक
११ फेब्रुवारी २०२४

चि. मेघास,
जयभीम.

तुझा काय दोष नाय. ते आधी लिहून टाकतो. मीच तुला सांग म्हणलो होतो.

पत्र शुक्रवारी मिळालं. काल हिरामणच्या रिक्षानं भिसेगावला जाऊन आलो. शर्ट घातला होता, मशीन लावलं होतं. का गेलो विचारू नको. फळा बघायचा होता. वाचनालय बंद, दुपारची वेळ. खिडकीला तोंड लावून आत बघितलं. फळा स्वच्छ पुसलेला. कडेला कोणीतरी ‘हळदीकुंकू, चार वाजता’ लिहिलेलं. शेजारच्या घरातली बाई बाहेर आली, विचाराय लागली, कोणाला शोधताय बाबा? मी म्हणलो, “कोणाला नाय. इथं म्हस होती.” ती माझ्याकडं बघत राहिली. मग आमी परत आलो.

आता जे तुला ठाऊक नाय ते सांगतो. पयलं पत्र मी त्याला डिसेंबरात लिहिलं, पत्ता तुझ्या मामीनं फोनवर विचारून घेतलेला. चार फेब्रुवारीला भिसेगावला ये, तुझं नाव पुकारणार हायत, मी पयल्या रांगेत असंल. मिळणारच असं धरून चाललो होतो. तुला बोललो नाय, वाटलं तो आला नाय तर तुझ्यापुढं शोभा नको. मग तुझं पत्र आलं, मिळत नाय म्हणून. आता बोलावलंय आणि नाव तर पुकारणार नायत. पोराला दुसऱ्यांदा तसंच बिननावाचं बसवायचं का? म्हणून दुसरं कार्ड लिहिलं. ते पण लगेच टाकलं नाय, दोन दिवस खिशात घेऊन हिंडलो. टाकू का नको, टाकू का नको. शेवटी टाकलं.

तो निघाला तेव्हा ते त्याला मिळालं नव्हतं, नायतर आला नसता. म्हणजे परत गेल्यावर मिळालं असंल. गं मेघा, तो पयल्या रांगेत मला शोधून, मी नाय ते बघून, परत खोलीवर गेला असंल आणि दारात माझं कार्ड पडलेलं असंल. त्याच्यावर मी काय लिहिलंय ते मला पाठ हाय. ‘येऊ नको. तुझं काम नाय.’ मला म्हणायचं होतं, तुला त्रास नको, तुझं नाव घेणार नायत. पण कार्डावर एवढंच मावलं, नायतर मला एवढंच लिहिता आलं. तो काय वाचंल?

तुझ्या मामीनं शुक्रवारपासून सारखा फोन लावला. आता तिचा पण उचलत नाय.

त्याचा पत्ता मागं लिहिलाय, तोच असंल तर तू लिही. सगळं लिही, चिंचोके, बिनविरोध, सगळं. माझ्याकडून गेलेल्या पत्रावर त्यानं आता का भरवसा ठेवावा? आणि ती पोर, रिया, तिला सांग तिचा काय दोष नाय. नाव मोठ्यानं पुकारलंन, बरं केलंन. मला ऐकू आलं नाय एवढंच.

फळ्यावर कानाला हात लावलेला माणूस काढला होता असं तू लिहिलंस. तो हसत होता का रागात होता, ते तू लिहिलं नायस.

मी हे लिहितोय आणि तुझी मामी भांडी घासता घासता तिकडून विचारतेय. तू बघितलास ना त्याला. बारीक झालाय का गं?

तुझा,
मामा